पाठराखिणीची गादी

गादी अंगणाच्या मधोमध उलटी टाकली होती आणि पंचनाम्याला जमावं तशा बायका तिच्याभोवती उभ्या होत्या. मी सासरी आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. हातातला हिरवा चुडा अजून टोचत होता, डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि या घरात कोण कुणाचं कोण लागतं ते मला धड कळलं नव्हतं. एक मात्र पुरतं कळलं होतं. कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या पुढे उभी असलेली बाई म्हणजे मावळण, माझ्या सासऱ्यांची बहीण, आणि तिच्यासमोर माझ्या सासूबाईसुद्धा आवाज खाली घेत.

मावळणीनं पायाच्या अंगठ्यानं गादी दाबली, अंगठा पायपुसण्याला पुसला आणि विचारलं, "कुणाचं काम म्हणायचं हे?"

विचारताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती माझ्या पाठीमागे, जिथे हौसा माझ्या पदरात तोंड खुपसून उभी होती. हौसा म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी, नुकती कुठे शाळेत जायला लागलेली. तिचे दात वाजत होते आणि दिवस काही थंडीचे नव्हते.

"मी भिजवली," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून आत गेली. ती बहुतेक परसदारानं सरळ पाणवठ्यावर गेली असावी, कारण दुपारपर्यंत गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. मावळण आता प्रथमच माझ्याकडे नीट बघू लागली, बाजारात बैल बघावा तशी, खालपासून वरपर्यंत.

"तू? एवढी घोडनवरी तू?"

"व्हय," मी म्हणाले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

आमच्याकडे पंचगंगेच्या काठच्या गावांत तेव्हा नवी नवरी सासरी एकटी जात नसे. तिच्याबरोबर माहेरची एक मुलगी पाठवायचे. ती पाठराखीण. नवख्या घरात नवरीला माहेरचं एक माणूस असावं आणि देवीचा गोंधळ होऊन संसार सुरू होईपर्यंत रात्री तिच्या शेजारी आपलं कुणीतरी निजावं, एवढंच तिचं काम. हा मान थोरल्या भावाच्या थोरल्या मुलीचा. तो डावलला तर भाऊ रुसतो, भाऊ रुसला की भावकी रुसते. हौसा रोज रात्री अंथरूण ओलं करते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पाठवायची ती हौसालाच. मान मोठा आणि जीव लहान, पण मानापुढे जिवाला कोण विचारतो?

तिची ही खोड जावी म्हणून वहिनीनं काय करायचं ठेवलं नव्हतं. शेवटी एक दिवस तिनं ओली वाकळ हौसाच्या डोक्यावर दिली आणि तिला गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. वहिनी काही कजाग नव्हती. तिच्या आईनं तिला असंच सुधारलं होतं, तेच औषध तिनं पुढे चालवलं. पण मी दारात उभी राहून ते बघितलं होतं. मागे पोरांची वरात, पुढे ही, आणि वाकळेखालून दिसणारे दोन काटकुळे पाय. त्या दिवसापासून हौसा बोलताना तोंडापुढे हात धरायला लागली. लग्नाच्या गाडीत बसताना वहिनीनं तिला बजावलं होतं, "तितं काय केलंस तर इतं आल्यावर परत वाकळ डोक्यावर."

बरं, सासर मिळालं ते गुऱ्हाळाचं. घरात पाऊल टाकल्यापासून कोण पाण्याचं विचारील तर शपथ. जो तो रसाचा तांब्या पुढे करायचा. पाव्हणी आलीया, रस द्या. एवढीशी पाठराखीण हाय, आलं टाकून द्या. हौसा एक पेला संपवायची तोवर दुसरं कुणीतरी भरून उभं. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. मी पदराआडून तिला डोळ्यांनी खुणावत होते, आणि ती बिचारी माझ्याकडे बघून आणखी एक पेला घेत होती, कारण तिला वाटत होतं की मी घे म्हणतेय. त्या रात्री जे झालं त्याचा हौसाला काही दोष द्यायचाच असेल तर आधी उसाला द्यायला हवा.

मावळणीनं ऊस वगैरे काही विचारात घेतलं नाही. ती सासूबाईंकडे वळली.

"खोट लपवून पोरगी गळ्यात मारली तुमच्या," ती म्हणाली. "मुराळी येऊ दे गोंधळाला. भाऊच हाय न्हवं तिचा? त्यालाच इचारू समद्यांच्या म्होरं. मग गोंधळ घालायचा का पोरगी गाडीत बसवून परत धाडायची ते ठरवू."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हौसाकडे बघितलं, मग गादीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल अशा त्या बाईच नव्हत्या.

"गादी उन्हात टाका," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

परत गेलेली नवरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्या पाठीवर धाकटी बहीण होती, तिला मग कुणी दारात उभं केलं नसतं. आणि खरं सांगून मोकळं व्हावं तर आतापर्यंत बातमी गावभर झालेली. ती आता हौसाच्या नावानं फिरली असती, आणि मुराळी म्हणून येणाऱ्या तिच्या बापाबरोबर घरी पोचली असती. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मी हौसाला माजघरात नेलं. ती तोंडापुढे हात धरून म्हणाली, "आत्ती, तू केलंस?"

"व्हय."

"मग माझा परकर कसा भिजला?"

"माझ्यामुळं भिजला. शेजारी निजली हुतीस न्हवं?"

हौसानं यावर बराच विचार केला. तिला पटत नव्हतं, पण पटावं असं तिला फार वाटत होतं. पटवून घ्यायचं ठरलं की पोरं पटवून घेतात. तिनं तोंडापुढचा हात काढला आणि माझ्या पाठीवरून फिरवला.

"असू दे," ती म्हणाली. "हुतंय असं."

तिला स्वतःला हे कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. कुठून शिकली कोण जाणे. मला रडू आलं आणि त्याचा अर्थ तिनं भलताच घेतला, त्यामुळे तिनं माझे डोळे पुसून मला आणखी धीर दिला.

त्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. गोंधळ लांबला होता. लगीनसराईत गोंधळ्यांना उसंत नव्हती, त्यामुळे माझ्यावर प्रयोग करायला सगळ्यांना भरपूर सवड मिळाली. सासूबाईंनी तीळ भाजून गुळात लाडू वळले आणि सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर बसून मला ते खायला लावले. रस बंद. दिवेलागणीनंतर पाणी, ताक, काही नाही. रात्रीचा भात बंद, कारण भातानं गारवा होतो. मावळणीनं कमरेला काळा दोरा बांधला आणि त्यावर भागेना म्हणून गुऱ्हाळाच्या चुलवाणातली तापलेली वीट मागवून मला तीवर बसवलं. नवी नवरी, अंगावर भरजरी शालू, कपाळाला मुंडावळ्यांचा वळ अजून तसाच, आणि ती परसात फडक्यात गुंडाळलेल्या विटेवर बसलेली. येणारी-जाणारी बाई थांबून विचारायची, गुण येतोय का. मी मान हलवायची. सासऱ्यांनी काही उपाय सांगितला नाही, पण मी समोर आले की ते आढ्याकडे बघायला लागायचे. आढ्यात तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं.

नवऱ्याशी तर गोंधळ होईपर्यंत बोलायची चोरी. हे म्हणजे आनंदराव, गुऱ्हाळाचं इंजिन सांभाळायचे आणि निजायलाही तिकडेच. त्यांच्या कानावर काय गेलं असेल या विचारानं माझा लाडू घशाखाली उतरत नव्हता. एका दुपारी हौसा गुऱ्हाळावरून निरोप घेऊन आली. दोन्ही हात मागे बांधून, पाठ केलेला धडा म्हणावा तसा तिनं तो सांगितला.

"मामांनी सांगितलंय, इंजान गळाय लागलं म्हणून कुणी इंजान टाकून देत न्हाई. वायसर बदलायचा असतोय. भिऊ नगो म्हणाले."

माझं लग्न झालंय आणि ते बऱ्या माणसाशी झालंय, हे मला त्या वायसरनं कळलं. पुढे आयुष्यात त्यांनी मला बरंच काय काय सांगितलं, पण त्याच्या तोडीचं काही नाही.

सगळ्यात कडक पथ्य मात्र हौसाचं. मला रस बंद झाला त्या दिवशी तिनंही पेला परत केला. कुणी कितीही आग्रह केला तरी तिचं एकच, आत्ती पीत न्हाई तर मीबी न्हाई, तिला मग प्यावंसं वाटतंय. संध्याकाळी मी पाण्याच्या घागरीजवळून गेले तरी ती पाठोपाठ यायची. निजताना माझा अंगठा मुठीत धरायची आणि रात्री कधीतरी तो ओढून मला उठवायची. "आत्ती, ऊठ. जायाचं." मी दिवसभराच्या कामानं मेल्यासारखी निजलेली. ती मला परसात ओढत न्यायची, आणि मला नीट समजावं म्हणून आधी स्वतः बसून दाखवायची. मग म्हणायची, आता तू. परत येऊन गादीवर हात फिरवून बघायची आणि मगच निजायची. पहिले काही दिवस सकाळी गादी तपासायला बायका जमत. हौसा त्यांच्या पुढे होऊन सांगायची, "कोरडी." मग सगळ्या मला शाबास म्हणायच्या. न भिजलेल्या गादीवरून इतकी शाबासकी मिळालेली दुसरी नवरी मला तरी ठाऊक नाही.

मग एक सकाळ ओली निघाली.

आदल्या दिवशी जत्रेतून कुणीतरी हौसाला कलिंगड आणून दिलं होतं आणि कलिंगडाचं पथ्य कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी जागी झाले तेव्हा ती गादीवर उठून बसली होती. माझ्याकडे बघत होती, पण घाबरून नाही, काळजीनं. "आत्ती," ती म्हणाली, "परत झालं गं तुझं."

मावळणीला हेच हवं होतं. तिनं बायकांना गोळा केलं, सासूबाईंना अंगणात बोलावलं आणि सांगून टाकलं की आता लाडाचं औषध पुरे झालं.

"गादी द्या तिच्या डोक्यावर आन् काढा गावातनं फेरी. एका फेरीत खोड जाती का न्हाई बघा."

कुणीतरी गादीची गुंडाळी करायलासुद्धा लागली. मी भिंतीला टेकले. तेव्हा हौसा माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात आडवे पसरले होते. तोंडापुढे धरायला हात मोकळाच नव्हता, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"न्हाई. तिच्या हातात नसतंय ते. असं केलं का जास्ती हुतंय."

"तुला गं काय ठावं, टिकल्ये?" मावळण म्हणाली.

हौसा अडली. मग ती म्हणाली, "आमच्या गल्लीत एक पोरगी हाय. तिच्या आईनं असंच केलं. मग ती रातीला झोपायलाच भिती. आन् भ्यालं का आनिक हुतंय."

गादी गुंडाळणारी बाई थांबली. सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी गादी त्या बाईच्या हातून घेतली आणि स्वतः नेऊन उन्हात टाकली. जाताना हौसाच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

त्यानंतर गादी एकदाही भिजली नाही. पण मावळणीचा हिशेब मुराळ्याशी होता आणि मुराळी यायचाच होता. माझा थोरला भाऊ महिपती, आमचा दादा, म्हणजे सरळ माणूस. इतका सरळ की बाजारात गाय विकायला गेला तर गिऱ्हाईकाला आधी गायीचे अवगुण सांगायचा आणि गाय परत घेऊन यायचा. त्याला निरोप पाठवून आधी शिकवून ठेवावं तर पाठवायचं कुणाबरोबर? आणि शिकवलं तरी त्याला खोटं कुठे बोलता येत होतं? त्या माणसाच्या एका वाक्यावर एक तर मी उभी राहणार होते किंवा हौसा.

गोंधळाच्या दिवशी दुपारी तो आला. काखेला पिशवी, तिच्यातून मेणकापडाची गुंडाळी डोकावत होती. वहिनीनं दिली असणार, उशिरा का होईना. त्याला पाणी नाही, गूळ नाही. सोप्यात घोंगड्यावर बसवून मावळणीनं त्याला भावकीसमोर गाठलं. सासरे एका बाजूला, आनंदराव दाराशी हाताला इंजिनाचं तेल तसंच घेऊन, बायका माजघराच्या दारात दाटीनं. हौसा बापाच्या मांडीला लागून बसली होती.

"पाव्हणं," मावळण म्हणाली, "खरं सांगा. अंथरूण भिजवायची खोड तुमच्यात लहानपणापास्नं हाय न्हवं? मग लगीन ठरताना का सांगितलं न्हाई?"

दादानं आधी मेणकापडाकडे बघितलं. मग हौसाकडे. त्याचा चेहरा पडला. तो हात जोडायच्या बेतात होता, मला ते हात दिसत होते. त्याला वाटलं, पोरीनं घात केला. तो तिच्या वतीनं माफी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात हौसानं त्याची बाही ओढली.

"आबा, आत्तीची गादी भिजत हुती," ती म्हणाली. "मी रोज रातच्याला उठवतीया तिला. आता न्हाई भिजत. तुमी रागावू नगा तिला."

दादा तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्याशी तोंडापुढे हात न धरता बोलत होती आणि ते त्यानं बघितलं, हे मी बघितलं. मग त्यानं मान वर करून माजघराच्या दाराकडे, माझ्याकडे बघितलं. दाटीवाटीत मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी नुसती मान हलवली. माझा भाऊ आयुष्यात कधी घाईनं काही समजणारा नव्हता, आणि त्या दिवशीही त्यानं वेळ घेतला. सासऱ्यांनी आढ्याकडे बघायला सुरुवात केली होती.

"हाय," दादा शेवटी म्हणाला. "मालनला हाय ही खोड. लहानपणापास्नं. आमी सांगाय पायजे हुतं. आमचं चुकलं."

एकदा खोटं बोलायला लागल्यावर त्याला थांबायचं कुठे ते कळेना. सवय नव्हती. त्यानं माझ्या लहानपणीच्या वाकळा सांगितल्या, मामाच्या गावी भिजवलेली एक नवीकोरी गादी सांगितली, एकदा तर म्हणे मी बैलगाडीत बसल्या बसल्या केलं होतं. मी दारात उभी राहून माझ्या या सगळ्या पराक्रमांची हकिकत ऐकत होते आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की सांगता येत नाही. आजही त्या भावकीत कुणाकडे मुक्कामाला गेले तर म्हाताऱ्या बायका मला हळूच दाराजवळची जागा देतात, आणि मी ती घेते.

"ऐकलंसा?" मावळण भावकीकडे वळली. "फसवणूक कबूल केली. आता सांगा, गोंधळ कुणाचा घालायचा?"

आनंदराव दारातून पुढे यायला निघाले होते, पण त्यांच्या आधी सासूबाई बोलल्या. त्या मावळणीसमोर भरल्या सोप्यात बोललेल्या कुणाला आठवत नव्हत्या.

"वन्सं, खोट हुती तर ती म्हायेराला हुती. पोरगी माझ्या घरात कोरडी झाली. आता कसली खोट? दिवट्या पेटवायला घ्या."

ते बरोबर होतं आणि सगळं चुकीचं होतं. गोंधळ झाला. देवी पावली. मी त्या घरची झाले.

दुसऱ्या दिवशी दादा हौसाला घेऊन निघायचा होता. चुलीपाशी मी आणि सासूबाई दोघीच होतो. त्यांनी धुऊन घडी घातलेला हौसाचा परकर माझ्या हातात दिला.

"पयल्या सकाळी हा मीच धुतला," त्या म्हणाल्या. "न्हाणीत कोंबून ठिवला हुतास तू."

मी म्हणाले, "आत्याबाई, तुमाला ठावं हुतं? मग मला एवढं लाडू कशापायी चारलंत?"

"पोरगी बघत हुती की."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यानंतर जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना या घरात सून म्हणून आल्या. त्यांच्याबरोबर पाठराखीण म्हणून आली त्यांची पाठची बहीण, द्वारकी, हौसाएवढीच. पहिल्याच रात्री गादी भिजली. मावळण तेव्हा त्यांच्याच वयाची, तीच अंगणात ओरडत फिरली, कुणी केलं म्हणून.

"मी द्वारकीकडं बोट केलं," सासूबाई म्हणाल्या. "तिनं माझ्याकडं बघितलं निस्तं. बोलली न्हाई. मुराळी येईस्तवर गोठ्यात निजवली तिला, म्हशींच्या पायाशी. पोरं नाक धरून पळायची तिला बघून. आन् मी भ्यानं रातीच्या रात जागी. परत या घरात कंदी पाय टाकला न्हाई तिनं. माझ्या लेकाच्या लग्नाला यायची म्हणून वाट बघत हुती मी. दिवाळीच्या आदी गेलीच ती."

"कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी?"

"कुणाला न्हाई. मीबी न्हाई."

बाहेरून दादानं हाक मारली. गाडी जुंपली होती. पाठराखिणीची पाठवणी रीतीनं करायची असते, तशी ती झाली. हौसाला पाटावर उभं केलं, नवा खणाचा परकर नेसवला, सासूबाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. मावळण दाराशी उभी राहून सगळं रीतीत होतंय ना ते बघत होती. एवढं झाल्यावर सासूबाई खाली वाकल्या आणि त्यांनी हौसाच्या पावलांवर डोकं ठेवलं.

"अगं, एवढ्याशा पोरीच्या पाया पडतीस?" मावळण म्हणाली.

सासूबाई उठल्या नाहीत. त्यांची पाठ हलत होती. हौसा वरून त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं माझ्या पाठीवरून फिरवायची तसा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुमचंबी हुतंय व्हय?"

सासूबाईंनी मान वर केली. त्या हौसाशी बोलल्या, पण बघत होत्या मावळणीकडे.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "माझंच हुतं. द्वारकीचं न्हवतं."

मावळण उंबऱ्यावर खाली बसली. हौसानं बगलेतलं बोचकं पाटाशी ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या बापाला सांगितलं, "आबा, तुमी जावा. मला हितं अजून चार दिस ऱ्हायाला पायजे."